बावीस नंबरची जागा आणि चाकांवरचे घर

मी, अर्डिस मे हॅल्वर्सन, कै. लायल हॅल्वर्सन यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय घरकाम, शिक्षण शाळेची शेवटची इयत्ता पास, हिवाळ्यात राहणार मेस्किट बेंड ट्रेलर पार्क, जागा क्रमांक बावीस, टेक्सास, आणि उरलेले वर्ष ट्रेलर जिथे उभा असेल तिथे राहणार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कंबर नाही, पण मृत्युपत्राला कंबर लागत नाही असे पाद्रीसाहेबांनी सांगितले. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट माझा मुलगा रसेल म्हणतो की लिहायचे आहे काय, एक जुना ट्रेलर तर आहे. चाकांवरच्या त्या एका घरासाठीच, ट्रेलरसाठीच, हे लिहिणे आहे. बाकीचे आधी उरकते.

माझा देह साउथ डकोटात लायलच्या शेजारी पुरावा. पेटी साधी असावी. फुले विकत आणू नयेत, तिथे जे फुलले असेल ते चालेल. थंडीत गेले आणि काहीच फुललेले नसेल, तर फुलांवाचूनही मी पोहोचेन. ज्याच्याकडे जायचे आहे तो मला ओळखतो.

बँकेतल्या शिलकीचा दहावा भाग चर्चला द्यावा, तो माझा कधी नव्हताच. बाकी सर्व रसेलला. रक्कम मोठी नाही, पण कोणाचे काही देणे नाही.

लायलची हत्यारांची पेटीही रसेललाच. शिवाय ट्रेलरच्या टाकीतला मैला सोडण्याची लांब नळी आणि रबरी हातमोजे, हेही त्यालाच. टाकी रिकामी करायची वेळ आली की त्याला नेमका फोन यायचा आणि तो बोलत बोलत लांब जायचा. आता नळी कायद्याने त्याची झाली. ट्रेलर ज्याच्याकडे जाईल त्याने नवी विकत घ्यावी, असली नळी कोणी कोणाची वापरू नये.

शिवणयंत्र आणि बिडाचा तवा माझी शेजारीण इमेल्डा कांटू हिला. तवा साबणाने घासू नये हे तिला सांगायला नको, पण तिच्या मुलीला सांगावे लागेल.

बावीस नंबरच्या मागच्या ग्रेपफ्रूटच्या झाडाबद्दल. झाड मी लावले, पण जमीन आमची कधीच नव्हती, आम्ही महिन्याचे भाडे भरत आलो. ट्रेलर पार्कात घर आपले आणि घराखालचे सगळे दुसऱ्याचे. तेव्हा झाड मी कोणाला देऊ शकत नाही. फळे सर्वांनी खावीत. पिशव्या घेऊन येऊ नये. पलीकडच्या ओळीतल्या बाईंना हे समजेल.

आता ट्रेलर.

लायल कारखान्यातून निवृत्त झाला त्या वर्षी आम्ही डकोटातले घर विकून हा ट्रेलर घेतला. माझी बहीण म्हणाली होती, "अर्डिस, म्हातारपणी भटके होणार का गं तुम्ही?" झालो. डोंगर पाहिले, दोन्ही समुद्र पाहिले, आणि एकाही रविवारी चर्च चुकवले नाही, कारण चर्च सगळीकडे असते. हातभर रुंदीच्या ओट्यावर मी थँक्सगिव्हिंगची टर्की भाजली. इथल्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारच्या डेलबर्ट स्टॅम्परला शिंक आली की मी इकडून "देव भले करो" म्हणते आणि तो तिकडून आभार मानतो. अशा भिंतींआड संसार नेटका ठेवणे सोपे नसते. मी ठेवला.

ट्रेलर गाडीला जोडून पुढे ओढायला कोणालाही येतो. माणूस कळतो तो मागे घेताना. आमच्या लोकांची रीत अशी की नवरा गाडीत बसतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, आणि सगळे पार्क घडीच्या खुर्च्या घेऊन भांडण बघायला बसते. आमचेही भांडण लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले. लायल मोठ्या मनाचा माणूस, पण खाली उतरून मागे काय आहे ते बघणे त्याला कमीपणाचे वाटे. ट्रेलरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा त्याचा आहे. तो ठोकून सरळ करू नये.

लायल एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोत वारला, सकाळच्या कॉफीचा कप हातात असताना. रसेल विमानाने आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. त्या माणसाला ट्रेलरची चाके काढून, विटांवर बसवून शिकारीच्या हंगामात राहायला खोली करायची होती. रसेल म्हणाला, "आई, पुढे तू चालवशीलही. पण मागे कोण घेणार?"

मी म्हटले, "मी."

तो हसला. ते हसणे मी माफ केले आहे, पण विसरलेले नाही.

मला शिकवले इमेल्डाने. तिने सारा जन्म शाळेची बस चालवली आहे. त्या उन्हाळ्यात ती माझ्याबरोबर गावोगाव आली आणि चर्चांच्या मोकळ्या आवारांत बादल्या मांडून माझा सराव घेतला. "अर्डिस, स्टिअरिंग खालून धर. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं, तिकडेच हात ने. आणि काही कळेनासं झालं की थांब, उतर, बघ. ट्रेलर काय पळून जातोय?"

नोव्हेंबरात मी बावीस नंबरच्या जागेसमोर येऊन उभी राहिले तेव्हा खुर्च्या आधीच लागल्या होत्या. मधोमध डेलबर्ट. त्याने जाहीर केले होते की या बाईने एकटीने ट्रेलर नीट लावला तर तो दाढी उतरवील. कोणीतरी "डावीकडे, डावीकडे" ओरडू लागले, म्हणून मी काच वर केली. मी थांबले, उतरले, बघितले, परत चढले. पुन्हा उतरले. लोक हसले, मग हसायचे थांबले. ग्रेपफ्रूटच्या झाडाला उजवा कोपरा लागला, तो पोचा माझा. चर्चमधल्या जेवणाची वेळ टळून गेली, पण ट्रेलर जागेवर बसला, सरळ, पाण्याच्या नळासमोर. डेलबर्ट उठला आणि त्याने हॅट काढली. दाढी दुसऱ्या दिवशी काढली. खाली एवढीशी हनुवटी निघाली की त्याच्या बायकोनेच त्याला ती पुन्हा झाकायला लावली.

तेव्हापासून दर वसंतात मी ट्रेलर बाहेर काढला आणि दर हिवाळ्यात परत आणून लावला.

आता माझी सून जनेल. लग्नानंतर कित्येक वर्षे ती मला "मिसेस हॅल्वर्सन" म्हणत होती, बँकेतल्या माणसासारखी. नाताळाला आली की मोटेलात उतरायची आणि या पार्काला "ती वस्ती" म्हणायची. हे मी लिहून ठेवते, कारण पुढचे खरे वाटावे. गेल्या हिवाळ्यात माझ्या कंबरेचे ऑपरेशन झाले. रसेलला रजा मिळाली नाही. जनेल आली. पहिल्या दिवशी तिने दाराच्या मुठीसुद्धा औषधाने पुसल्या. पण राहिली. टाकीही रिकामी केली, नाकाला रुमाल बांधून, तक्रार न करता.

एका बुधवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. मी खिडकीजवळ होते. बाहेर आवारात बादल्या मांडलेल्या दिसल्या. ट्रेलर ओढणारी माझी पिकअप गाडी, तिच्यामागे डेलबर्टच्या होडीचा छोटा ट्रेलर, आणि आत जनेल. तिने एक बादली चिरडली. थांबली, उतरली, बघितले, परत चढली. प्रार्थना मी सोडली नाही, पण डोळे उघडे ठेवले. एवढे देव चालवून घेईल.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला नाही. तिनेच काढला. "आई, हे घर विटांवर जाणार का हो?"

"रसेलच्या मनात तेच आहे."

"मग मला नीट शिकू द्या. पण त्याला सांगू नका. येऊन मागे उभा राहील आणि हात हलवत बसेल."

त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा आई म्हटले. मी तिच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

म्हणून ट्रेलर, पिकअप आणि बावीस नंबरचा भाडेकरार मी जनेल हॅल्वर्सन हिला देत आहे. रसेलला नाही, दोघांना मिळूनही नाही. अटी अशा. चाके कधीही काढू नयेत. माझ्यामागे वर्षभरात तिने ट्रेलर घेऊन हवे तिथे जावे, आणि हिवाळ्यात परत येऊन बावीस नंबरला स्वतः मागे घेऊन लावावा. तिला कोणी हाताने किंवा तोंडाने खुणा करू नयेत. रसेलने त्या वेळी समोर खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली घालून बसावे. तिने वाटेल तितक्या वेळा उतरून बघावे, त्यात कमीपणा धरला जाणार नाही. तिसरा पोचा पडला तर तोही ठेवावा. तिने हे केले नाही तर इमेल्डाने ट्रेलर फिरणाऱ्या माणसालाच विकावा आणि पैसे चर्चला द्यावेत. पण ती वेळ येणार नाही, हे मी देवाला साक्षी ठेवून लिहिते.

डेलबर्ट स्टॅम्पर यास काहीही देत नाही. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने वारसा घेणे बरे नव्हे असे कळले. त्याला साक्षीदार करण्याचे ते एक कारण होते.

सही करण्यापूर्वी त्याने सर्व वाचले आणि जनेलच्या कलमावर बोट ठेवून थांबला. मी विचारले, "काय डेलबर्ट, लावतोस पैज?"

त्याने दाढीवरून हात फिरवला. "नको," तो म्हणाला, "ही परत वाढवायला फार वेळ लागला होता."

वरील मजकूर माझा, माझ्याच अक्षरात, वाचून बरोबर.

अर्डिस मे हॅल्वर्सन (सही)

साक्षीदार: डेलबर्ट स्टॅम्पर, जागा क्रमांक तेवीस (सही)
साक्षीदार: रेव्हरंड टॉर्वाल्ड निबी, पाद्री (सही)

ठिकाण: मेस्किट बेंड ट्रेलर पार्क, बावीस नंबरच्या दारातली पायरी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३