बांधापलीकडचा बोअर

३ मार्च
मोटर दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून बोरी अरबले गेलतो. देवरावजीनं नवा बोअर मारला, साडेचारशे फूट. मोटर मीच तळापर्यंत सोडली. पाइप भरून धार लागली. चहा धरला त्यायनं, रोजा म्हनून नाई म्हनलं.
बांधापलीकडं सुमनताईचा संत्र्याचा बगीचा. दोनशे झाडं. नवरा गेल्यावर एकटीनं वाढवली. तिचा बोअर फक्त दोनशे फूट. मले ठाऊक होतं, त्यातली मोटरही मीच बसवलेली.

११ मार्च
सु.ताईचा फोन. "रफिकभाऊ, मोटर चालते पन पानी येत नाई."

१२ मार्च
मोटर वर काढली. चांगली हाय. बोअरात खडा टाकला, कोरडा वाजला.
"मोटर जळली काय?"
"पाहतो," म्हनलं अन् मोटर गाडीवर टाकून दारव्ह्याले घेऊन आलो. कायले आनली?

१५ मार्च
मोटर दुकानात तशीच. उघडलीबी नाई. घरवाली म्हने, सांगून टाका ना खरं, त्या नव्या बोअरनं पानी ओढलं म्हनून. सांगून पानी थोडीच येते.

२ एप्रिल
सु.ताई बैलगाडीनं ड्रम वाहून राह्यली, गावच्या विहिरीवरून. चाळीसच झाडाले देते.
म्हनलं, "हेच चाळीस काहून?"
"रस्त्याजवळ हायेत. आत बादल्या न्याले पाठ साथ देत नाई भाऊ."
बाकीच्या झाडाखाली गोटीएवढ्या फळाचा सडा.

९ एप्रिल
देवरावजीकडं गेलतो. म्हनलं, दिवसातून एक तास पानी द्या बाईले.
"आज देईन, उद्या मले पुरलं नाई तं? अन् खोल जा म्हनून तूच सांगतलं ना."
सांगतलं होतं.

१७ एप्रिल
आज सु.ताईले सगळं सांगतलं. ती गुरांपुढं कडबा टाकत होती. हात थांबला नाई.
"मले मालूम हाय. तिकडं मोटर सोडली त्या दिवशी बांधावरून पाह्यलं तुमाले."
"मंग मलेच कायले बोलावलं?"
"दुसरं कोन येते इथं?"
मोटर परत नेऊन दिली. तिनं गोठ्यात ठेवाले लावली. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तं…

२६ एप्रिल
लाकूडवाले आले. वाळत आलेली दीडशेवर झाडं मशीननं पाडली. सु.ताई घरात बसून होती. मी उगाच गेलो. आडवं पडलेलं झाड कापलं तं आतून ओलंच दिसत होतं. लाकूडवाला म्हने, अजून जीव होता यात.

५ मे
त्या चाळीसातली नऊ गेली. बैलाच्या मानेले जखम, म्हनून ती आता डोक्यावर हंडे वाहते.

८ मे
सकाळी देवरावजीचा फोन. धार बारीक झाली. "शंभर फूट अजून मारतो. मोटर सोडाले येशील ना?"
तिकडून दोनदा विचारलं. हो म्हनलं नाई. नाईबी म्हनलं नाई.