इस्त्रीखात्यातला चाकू

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शिलाई मशीनचा पट्टा तुटल्याचा राग तू माझ्यावर पत्रात काढलास, म्हणजे भावोजी वाचले असं धरून चालतो.

मी बरा आहे. लाँड्री मोठी आहे, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. आमच्या इस्त्रीखात्यात लांबलचक तापलेले रूळ आहेत. इकडून ओली चादर द्यायची, तिकडून ती कडक होऊन बाहेर येते. माझ्या जोडीला एकजण आहे, सगळे त्याला लंबू म्हणतात. दारातून येताना जी मान वाकवतो, ती दिवसभर सरळ करत नाही. चादरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. तेवढ्यावर दोस्ती झाली.

मी निघताना तू दिलेला घडीचा चाकू रोज खिशात असतो. गठ्ठ्याची सुतळी कापायची, पेन्सिलीला टोक काढायचं, जेवणाच्या सुट्टीत पेरूच्या फोडी करायच्या. परवा लंबूच्या तळव्यात लाकडाचं कुसळ घुसलं होतं, ते पात्याच्या टोकाने काढलं. तो माझी थट्टा करतो, म्हणतो की तू झोपेतही खिसा चाचपत असशील. आणि दिवसातून दहा वेळा चाकू मागायला हात पुढे करतो तोही तोच.

खरं सांगू? काम नसलं तरी चाकू जवळ लागतो. खोली भाड्याची, खाट मालकाची, अंगावरचा एप्रन लाँड्रीचा. ही एवढीच वस्तू माझी. शिंगाची मूठ चालताना मांडीला लागते, बरं वाटतं. आता दारावर पाटी लागली आहे की खिशात धारदार वस्तू सापडली तर कामावरून काढू. एक दिवस खोलीवर ठेवून गेलो आणि दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी परत खिशात.

भावोजींना नमस्कार. पत्र लवकर टाक, रागातलं असलं तरी चालेल.

तुझा
बारक्या

२० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, पाटी वाचता येते ना तुला? मग? तुझे भावोजी म्हणाले की याला चाकूऐवजी चमचा द्यायला हवा होता. मला मात्र हसू आलं नाही. नोकरी किती वणवण करून मिळाली ते विसरू नकोस. चाकू खोलीवर ठेव.

तुला काय वाटतं ते मला कळत नाही असं नाही. माझी कात्री दिवसभर गळ्यात असते. काढून ठेवली की मान हलकी होते, पण मन होत नाही. तो चाकू घेताना मी दुकानदाराकडे अर्धा तास घासाघीस केली, ती धार चांगली म्हणून नाही, तर मुठीला हात बसत होता म्हणून. पण माझ्या कात्रीला कुणी साहेब नाही, तुझ्या खिशाला आहे.

गुडघे दुखतात, बाकी ठीक. लंबूला आशीर्वाद कळव. वाकून चालू नको म्हणावं, पाठीला पोक येईल.

माया आहे म्हणून रागावते.

तुझी
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. लंबू नाही.

सोमवारी त्याच्या एप्रनची नाडी चादरीबरोबर रुळात गेली. ती सोडवायला त्याने हात घातला आणि बाहीसकट हात आत ओढला गेला. मी लाल बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं, रूळ फिरतच राहिला. ते बटण चालत नाही हे आम्ही कितीदा तरी सांगितलं होतं. मग चाकू काढला आणि नाडी कापली, बाही खांद्यापासून उभी फाडली, त्याच्या कमरेला मिठी मारून मागे खेचलं. तोवर कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. लंबू सुटला. उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. रुळात अडकला होता तेव्हा तो ओरडलाही नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. ते बघणं काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता पुढचं. मॅनेजरनं मला आत बोलावलं. कार्यालयाचं म्हणणं असं की मी बटण दाबताच मशीन थांबलं, आणि लंबूनेच निष्काळजीपणा केला. मशीन थांबलं असेल तर चाकू कशाला लागला? म्हणून चाकू नव्हताच म्हणायचं. अपघातानंतर काढून घेतलेला माझा चाकू त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला. म्हणाले, घेऊन जा, आमच्या पाटीचंही आम्ही विसरलो, तुझं काम चालू राहील. मी उचलला, ताई. हात आपोआप गेला.

पुढच्या आठवड्यात सरकारी तपासनीस येणार आहेत. खरं सांगितलं तर लंबूला भरपाई मिळेल आणि माझी नोकरी जाईल. खात्यातल्या बाकीच्यांनी काही पाहिलंच नाही असं ठरवलंय. त्यांना पोरंबाळं आहेत, मी त्यांना काय बोलणार? मला काही सुचत नाही. तू सांग.

तुझा
बारक्या

१० एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले की गप्प राहावं, गेलेला हात काही परत येत नाही. मग उठून बाहेर गेले आणि जेवायलाच आले नाहीत. जेवले नाहीत, त्यावरून त्यांच्या मनात काय होतं ते मी समजले.

मी तुला काय सांगू? तिथे उभा तू राहणार आहेस. एवढंच सांगते की मी दिलेला म्हणून तो चाकू जपू नकोस. तपासनिसांच्या टेबलावर ठेवावासा वाटला तर ठेव. घरी मागच्या खोलीत खाट आहे, शिवणाचे कपडे आवरले की जागा होते.

रात्रंदिवस तुझीच काळजी.

ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मधल्या माझ्या पत्रांत नुसती खुशाली होती. सगळं संपल्यावर लिहीन म्हटलं होतं, म्हणून आज लिहितो.

चाकू तपासनिसांपुढे ठेवला तेव्हा पात्याच्या खाचेत एप्रनचा निळा दोरा अजून अडकलेला होता. त्यांनी बटण स्वतः दाबून पाहिलं. चाकू पिशवीत घालून सील केला. लंबूला भरपाई मंजूर झाली, मशीन बंद करायला लावलं, आणि त्याच महिन्यात मला पाटीवरच्या नियमाने काढलं. नियम होता, मी मोडला होता. भांडायला जागा नव्हती. तेव्हापासून बाजारात हमाली करतो आहे. हे तुला कळवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात चाकू परत मिळाला. मला वाटलं, हा आता लंबूचा. सारखा मागायचा तो. त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दुसऱ्यांचे कपडे धुते, बाल्दीवरून उठून तिने मला खुर्ची दिली. लंबू खाटेवर बसला होता. चाकू त्याच्या हातात दिला. खूश झाला, ताई, अगदी पहिल्यासारखा हसला. मग उघडायला गेला.

तो चाकू दोन हातांशिवाय उघडत नाही. मला हे सुचायला नको होतं का? त्याने मूठ गुडघ्यांत धरली, खाचेत नख घातलं, ते सटकलं. पुन्हा घातलं. मग दातांनी पातं ओढलं. मी पुढे झालो तर त्याने मानेनेच नको म्हटलं. शेवटी उघडला. ओठाला रक्त आलं होतं. उघडा चाकू पांघरुणावर ठेवून तो बघत बसला. मिटायचा कसा ते त्याला कळेना, आणि मला हात पुढे करवेना.

शेवटी त्याच्या बायकोनेच ओले हात पुसून तो मिटला आणि माझ्यापुढे धरला. लंबू भिंतीकडे तोंड करून म्हणाला की घेऊन जा, आणि थोडे दिवस येऊ नकोस; तू आलास की मला दोन हात आठवतात. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बसलो असतो.

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. माझे उपकार कधी फिटणार नाहीत असं म्हणाली. रोज ती त्याच्या शर्टाची बटणं लावते तेव्हा तो डोळे मिटून घेतो, असंही म्हणाली. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

गुरुवारच्या गाडीने येतो. भावोजींना सांग की काही विचारू नका. मागच्या खोलीतले कपडे आवरायची घाई करू नकोस, त्यांच्यातच निजेन.

तुझी माया आहे, तेवढ्यावर निघतो आहे.

तुझा
बारक्या