चार वाजताचं पीठ

खासबाग, बेळगाव

चि. यल्लाप्पास सोनुआक्काचा जय भीम आणि (रागात असले तरी) आशीर्वाद.

तुझी साखर बरी असेल. मालूचे गुडघे कसे हायत? बायकोला जिना चढायला लावू नकोस. इकडं माझी नात पारमिता बरी हाय, आणि त्यात तुझी काय बी मेहेरबानी न्हाय.

रविवारी तुझ्या नातवाच्या नामकरणाला समदी विहारात गेली आणि घर राखायला मागं राहिलेल्या तुझ्याजवळ पोरीला ठेवली. (मी माझ्या डोळ्यांमुळं खासबागेतच.) जाताना तिच्या बापानं, माझ्या संघर्षनं, तुला बजावलं होतं, की हिच्या अंगात साठलेली साखर वापरायला निघत न्हाय, पोट रिकामं राहिलं की एकदम खाली जाते, तवा चार वाजता मक्याचं पांढरं कच्चं पीठ पाण्यात कालवून पाज. तू व्हय व्हय म्हणालास. तुझं व्हय लवकर येतं, तिथंच घोडं पेंड खातं.

पोरीच्या दंडावरचा साखर मोजायचा सेन्सर बघितलास आणि तुला वाटलं, ही आपल्यातलीच. तुझ्या दंडाला बी डॉक्टरनं तसलाच चिकटवला होता न्हवं? मग तू मधुमेहातला मुरलेला माणूस (निम्म्या खानापूरला पथ्य तूच सांगतोस), पीठ कशाला देशील? ते फडताळात ठेवलंस आणि सहा वर्षांच्या लेकराला कारल्याचा रस पाजलास. तिनं तो गुमान पिला, कारण तू तिला लई आवडतोस. याचाच मला जास्त राग आला.

इकडं माझ्या फोनवर तिच्या साखरेचा आकडा उतरायला लागला. सत्तर, साठ, बाण सरळ खाली. संघर्षचा फोन वंदनेत बंद. तुझा लावतेय तर तो रेंजसाठी खिडकीत टांगलेला, त्याच्याशेजारी पोरीच्या सेन्सरचा फोन बोंबलतोय, आणि तू तिला घेऊन परसात. बावन्न दिसले तवा माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तुझ्या शेजारच्या भरमूला लावला. (बांधावरून तुमचं बोलणं बंद हाय, ठाऊक हाय मला.) तो कुंपण ओलांडून आला. पोरगी घामानं भिजून खांबाला टेकलेली, आणि तू तिला सांगत होतास, कडू लागलं की गुण येतो. भरमूनं फोन तुझ्या कानाला लावल्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत न्हाय, कारण पत्र मालू वाचून दाखवते.

मग तू ग्लुकोज दिलंस, पीठ कालवलंस. ती पिईना. तवा तू सोताला बी एक पेला कालवलास आणि तिच्यासंगं प्यालास. मी इकडं फोन कानाला लावून घोट ऐकत होते. बाण आडवा झाला, मग वर वळला. मी तिथंच भुईवर बसले आणि रडले.

पुन्हा पोरगी तुझ्याकडं ठेवायची न्हाय, हे ठरलंय. भरमूला जय भीम सांग, आणि सोता त्याच्या दारात जाऊन सांग.

तुझी,
सोनुआक्का

ता. क. मालू म्हणाली, त्या पेल्यानं तुझी साखर तीनशेवर गेली. बरी अद्दल घडली. गोळी घेतलीस न्हवं?

आणखी ता. क. पारमिता आता एकटी पीठ पीत न्हाय. खानापूरचा आप्पा पायजे म्हणते. सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, संघर्ष आणि सून कामावर. मला आकडे दिसायचे न्हाईत. तो फोन कुणाच्या हातात द्यावा, लई विचार केला. एवढी धास्ती खाल्लेला माणूस तुझ्याशिवाय दुसरा न्हाय. रविवारीच ये. तुझ्या पेल्यात मी ताक घालीन. रंग तोच, तिला कळायचं न्हाय.