माऊसला हळद

१२ मार्च २००९

कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते आज कळलं! आठ दिवस मी सरळ भिंतीवरचं बटण दाबत होतो, पंख्याचं दाबतात तसं. समीक्षा ओरडली — "आजोबा! आधी त्याला सांगायचं, शट डाऊन. मग तो आपला आपण आवरतो."

समीक्षा माझी नात. कामोठ्याला क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. मे महिन्यात तिचं लग्न. त्याआधी मला शिकवून जाणार म्हणते. म्हटलं, बाई, मी सातवी नापास. म्हणाली, "त्याला मार्कशीट लागत नाही."

बंद होताना त्यानं ट्यँ-ट्यँ असं काही वाजवलं. मी दोन पावलं मागे. काही बिघडलं तर नसेल?

१५ मार्च

इथे वहीत लिहायला कसली लाज. खरं कारण लिहून ठेवतो.

जनी विसरायला लागली आहे. माझी बायको, चाळीस वर्षं धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद लागते ती धवल्यावर, आणि पनवेलपासून तळोज्यापर्यंत धवला म्हटला की जनी. सगळं तोंडपाठ. कागदावर काही नाही, कारण तिला अक्षर येत नाही. गेल्या महिन्यात एका हळदीत ती मध्येच थांबली. खोकल्याचं निमित्त केलं. बायकांना खरं वाटलं. मला नाही. पन्नास वर्षं ऐकतोय तिचा खोकला!

समीक्षाच्या हळदीत थांबली तर? स्वतःच्या नातीच्या मांडवात, सगळ्या भावकीसमोर? नंतर ती गाणारच नाही कधी. मी ओळखतो तिला.

म्हणून ठरवलं — धवले कॉम्प्युटरात घालायचे. रोज एक. मग रोज तिला वाचून दाखवायचे.

१९ मार्च

समीक्षानं बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवून दिले. मी तयार. जनी तयार नाही!

"मांडव नाय, नवरी नाय, हलद नाय. सुका धवला मी गात नाय."

किती विनवलं. शेवटी म्हणाली, "मंग यालाच लावतंय हलद." आणि वाटी घेऊन आली! आधी माऊसला. मग पडद्याच्या कपाळावर बोट. मी ओरडलो, "अगं, आत जाईल!" म्हणाली, "नवऱ्याला इचारून लावतान का कोन?"

आणि गायली! उभ्या उभ्या, पदर सावरून —

पयली हलद दिली खाडीच्या पान्याला
दुसरी हलद दिली मिठाच्या दान्याला

मी 'प' शोधतोय तोवर ती पाचव्या हळदीला. "तुजं बोट काय रेती भरून चाललाय का?" असं म्हणून हसली की काय सांगू. मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईतो. दोन तासांत अकरा ओळी!

२० मार्च

माऊसचं डावं बटण खाली गेलं ते वर येईना.

अय्यूबच्या दुकानात नेला. शाळेतला दोस्त, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो. उघडून बघितलं, वास घेतला. "काशीराम, चहा सांडलेले आले माझ्याकडे. झुरळं निघाली, एकदा पाल निघाली. हळद लागलेला हा पहिलाच! कधीचा निकाह?"

सगळं दुकान हसलं. कापसाला स्पिरिट लावून साफ करून दिला. म्हणाला — पुसताना आधी वायर काढ, पाणी लावू नकोस, आणि भाभीला सांग, हळद टेबलाला लाव. अल्ला बरकत देईल.

टेबलाला लावली तर चालतं, असं जनीनं मान्य केलं.

२ एप्रिल

गेलं! सगळं गेलं! दुपारी लोडशेडिंग, या उन्हाळ्यातलं पहिलं. मी आजच्या धवल्याच्या शेवटच्या ओळीवर. पडदा काळा. वीज आली तेव्हा एकही धवला नाही. चौदा दिवसांचं काम — एकच पान लांबवत नेलं होतं मी, सेव्ह न करता, कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवून.

समीक्षा म्हणाली, "दर ओळीला कंट्रोल आणि एस, आजोबा. श्वास घेतल्यासारखं."

जेवलो नाही.

३ एप्रिल

पहिल्यापासून. जनीकडे धवले पुन्हा मागितले नाहीत, सगळं गेलं हे तिला कळेल म्हणून. जेवढे आठवले तेवढे स्वतःच मनात म्हणून लिहिले. सगळे आठवले! चकित झालो.

११ एप्रिल

मी गाढव आहे.

आठ दिवसांनी पहिल्यांदा बंद करताना त्यानं इंग्रजीत काही विचारलं. 'चेंज' तेवढं कळलं. चेंज म्हणजे बदल. मी म्हटलं, बदल कशाला? होतं तसंच राहू दे! नो दाबलं.

होतं तसं म्हणजे कोरं. लिहिण्याच्या नादात कंट्रोल आणि एस एकदाही दाबलं नव्हतं.

समीक्षा कपाळाला हात लावून खाली बसली. मग हसायला लागली ती थांबेचना. जनी दारातून विचारते, "काय झायला? नवरा पलाला का?"

१२ एप्रिल

तिसऱ्यांदा. आता बोटाला बटणं सापडतात.

२६ एप्रिल

पूर्ण! बावीस धवले! एक प्रत कॉम्प्युटरात. एक पेन ड्राइव्हवर, तो तांदळाच्या डब्यात. एक अय्यूबकडे. तो म्हणाला, "तीन ठिकाणी ठेवलंस तर शहाणा. पण तांदळात टोपण लावून ठेव, येड्या."

प्रिंट काढून आणला. आनंदानं रिक्षातसुद्धा बसलो नाही, चालत आलो.

२७ एप्रिल

जनीला पहिला धवला वाचून दाखवला. तिसऱ्या हळदीपाशी तिनं हात वर केला, थांब म्हणून.

"तुला कदी कलला?"

म्हटलं, फेब्रुवारीत. खोकल्यावरून.

"मना भ्या वाटतं रं," म्हणाली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

रोज दुपारी वाचतो आता. काही दिवस सगळं धडाधड म्हणते. काही दिवस तिसऱ्या हळदीवर अडते. नेमकं कधी अडेल, सांगता येत नाही.

८ मे

परवा हळद. मी कागद घेऊन तिच्या मागे बसणार, अडली की हळूच सांगणार. समीक्षाला विचारलं, बायकांच्यात म्हातारा बसला तर? म्हणाली, "माझी हळद आहे. मी सांगेन तो बसेल."

चष्मा दोनदा पुसला. कागदाची घडी चारदा बदलली.

११ मे

काल जनी तिसऱ्या हळदीवर थांबली. कागद सापडेना, कुठल्या खिशात कोण जाणे. मी हळूच सांगायला गेलो आणि तोंडातून सुरात निघालं, मोठ्यानं —

तिसरी हलद दिली आंब्याच्या पानाला
चवथी हलद दिली पोरीच्या कानाला

बायका हसल्या. मग मागे म्हणायला लागल्या. बावीसच्या बावीस गायलो आम्ही दोघं!

मांडवातून घरी येताना जनी म्हणाली, "मना येत व्हता. तुजा आवाज आयकाचा व्हता."

खरं की खोटं, विचारलं नाही. धीर झाला नाही.

आज सकाळी, लग्नाच्या गडबडीतच, चहा ठेवून म्हणाली, "बुदवारी कलंबोलीला हलद हाय. दोगांना बोलावलाय. सदरा धुवाला टाक."