आधी वायर काढायची

३ मे, सोमवार
नवी नोकरी, नवं गाव आणि अख्खी शाळा माझ्या एकटीची! सुट्टी लागली आहे. शिपाईकाकांनी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला, कुठला पंखा चालतो ते दाखवलं आणि तेही लेकीकडे निघून गेले. संगणकाच्या खोलीत तीस यंत्रं, सगळ्यांना एकच रोग: ट्रोजन. वरून साळसूद खेळ, आतून परक्या माणसाला मागचं दार उघडून देणारा. तो कुठेही बसून आपलं सगळं वाचतो, कॅमेऱ्यातून बघतो, आपल्या नावाने लिहितोसुद्धा. आमच्या कामाचा पहिला नियम म्हणजे आधी नेटची वायर काढायची, मग झाडझूड. आज तीन साफ केली. माझा पिवळा पेनड्राइव्ह हीच माझी केरसुणी.

६ मे, गुरुवार
बारा यंत्रं झाली. चार दिवसांत मी मोजून सात वाक्यं बोलले, त्यातली पाच खानावळीत. दुपारी एका हट्टी यंत्राला मोठ्याने सांगितलं की बाबा रे, आता तरी सुधार. रिकाम्या खोलीत आवाज घुमला आणि एकदम रडूच आलं. आईची फार आठवण येते. तीही तिकडे एकटीच.

९ मे, रविवार
घरी जाऊन आले. जाताना पाच तास बस, येताना पाच. आईच्या संगणकाला कॅमेरा बसवला, पिवळ्या पेनड्राइव्हमधून लागेल ते सगळं घातलं. आता दिवसभर ती मला दिसणार, मी तिला. तिला ऐकू जवळजवळ येत नाही, म्हणून बोलणं लिहूनच. आई म्हणाली, आता ठमीवर लक्ष ठेवता येईल. ठमी हे माझं घरातलं नाव. बाहेर कुणाला कळलं तर शोभा होईल.

११ मे, मंगळवार
तिकडे आई लसूण सोलते, इकडे मी वायरी गुंडाळते. तासन्‌तास काही लिहीत नाही आम्ही. गावात आल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.
एकच चमत्कारिक गोष्ट. पहिली तीन यंत्रं पुन्हा आजारी आहेत. माझं काहीतरी राहिलं असणार.

१२ मे, बुधवार
साफ केलेली सगळीच पुन्हा आजारी. शेवटी खोक्यातलं कोरं यंत्र काढलं, नेट न जोडता फक्त पिवळा पेनड्राइव्ह लावला. त्यालाही लागण झाली.
काखेत कळसा! यंत्रांना पेनड्राइव्हवर काही उतरवता येऊ नये अशी बंदी पहिल्या दिवशी घालायला मी विसरले. केरसुणीनेच घाण घरोघर नेली.
घरोघर. रविवारी. आई.

दुपारी २.४०
आईचा निरोप आलाय. म्हणते, तू सांगितलंस तसं केलं, शेजारणीला काही बोलले नाही. संगणक बघायला येणाऱ्या माणसासाठी चहा टाकतेय.
मी काही सांगितलं नव्हतं. मागचे निरोप वर सरकवून पाहिले. सगळे माझ्या नावाने. खाली, तुझी ठमी.

२.४६
आईचा फोन वाजतोय. तिला ऐकू येत नाही. शेजारणीचा बंद. दार उघडू नकोस म्हणून लिहिलं— अक्षरं पुसली जातायत. मी नाही पुसत.

२.५१
पोलिसांना फोन लागला. माणसं निघाली म्हणाले. पडद्यासमोरून हलू नका, दिसेल ते वेळेसकट लिहा.

२.५५
कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यापुढे धरलाय. आई पाठमोरी. कप पुसतेय. चांगले कप काढलेत.
आई, वळ.

२.५८
पडद्यावर माझ्या नावाने— आई, तो दारात आलाय, उघड.
तिने वळून वाचलं. कागदाकडे बघितलंच नाही. पदर नीट केला, गेली.

३.०१
माणूस. हातात पिशवी. आई हसतेय. किती दिवसांनी घरात कुणी आलंय तिच्या—

३.०३
खुर्ची ओढून बसला. माझ्याकडे बघतोय. आई मागे, चहा घेऊन. पोलीस अजून—

३.०४
खाली वाकला. हात संगणकाच्या मागे.
नियम त्यालाही ठाऊक आहे. आधी—