उतारावर न लावलेली गाडी

आबा, नवा पिकअप घ्यायचाय आणि पेट्रोल का डिझेल यावरून आठवडाभर घरात काथ्याकूट चाललाय. शिरूरच्या शोरूमवाल्याचं म्हणणं, पेट्रोलची गाडी थंडीतसुद्धा चावी फिरवली की सुरू. पण न्हावऱ्याहून रोज दुधाचे भरलेले कॅन घेऊन दौंड गाठायचं म्हणजे डिझेलच लागतं. ओढ त्याचीच, आणि एवढ्या पळण्याला पेट्रोल परवडत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. आई मात्र ऐकत नाही. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या डिझेलनं माझा माणूस न्हेला. दारात डिझेल नको." मी बरं म्हणालो.

तुमच्या जुन्या गाडीची बॅटरी हिवाळ्यात मान टाकायची, म्हणून रोज संध्याकाळी ती शाळेमागच्या उतारावर लावायची, हा तुमचा नेम. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा, मग ती धूर ओकत सुरू. एकदा मी ती दारातच लावली आणि सकाळचं दूध खोळंबलं. तुम्ही डेअरीवर चार माणसांत मला झापलंत, "अक्कल गहाण ठिवलीस व्हय रं? डिझेल हाय ती, तुझी फटफटी न्हाई." माणसं हसली. एकवीस वर्षांचा होतो मी, राग कायम नाकावर. दिवसभर तुमच्याशी बोललो नाही. त्या संध्याकाळीही गाडी दारातच राहिली, सपाटीला.

पहाटे तुमच्या छातीत कळ आली. तुम्ही केबिनमध्ये घामानं भिजून बसलाय, मी चावी फिरवतोय, इंजिन नुसतं कण्हतंय. आई एकटी मागून ढकलतेय आणि गाडी तसूभर हलत नाही. वस्तीवरची जीप यायला पाऊण तास गेला. उताराचं कारण आईला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ती रडत विचारत होती, काय झालंय गाडीला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग तिला म्हणालात, "डिझेल हाय. थंडीत व्हतंय असं." दौंड यायच्या आत तुम्ही गेलात.

तेवढं एक वाक्य आई एकोणीस वर्षं धरून बसलीय, आणि मी तिला धरू दिलं. लोकांनीही डिझेललाच नावं ठेवली, मी ऐकून घेतलं. आता डिझेल घ्यायचं तर आईला खरं सांगावं लागेल. आज सकाळी मी पेट्रोलची गाडी बुक करून आलो. आईनं पावतीला कुंकू लावलं, म्हणाली, बापाची आठवण ठिवलीस.

हे पत्र कुठं टाकायचं, आणि घरात तरी कुठं ठेवायचं? तुम्हाला वाटलं असेल, पोरगं विसरलं, म्हणून तुम्ही सांभाळून घेतलंत. आबा, मी विसरलो नव्हतो.