ऑक्टाव्ह लोबजुआ, हजर!

३० ऑक्टोबर १९३८, रविवार
माजी सैनिक संघाची मीटिंग. मी एकमताने अध्यक्ष. (दुसरं कोणी उभं नव्हतं, पण एकमत ते एकमत.) यंदा युद्धविरामाला वीस वर्षं. ठरवून टाकलं: रडारड बंद. अकरा नोव्हेंबरला सकाळी स्मारकापाशी मौन, दुपारी जेवण, संध्याकाळी नाच. युद्ध कायमचं संपलंय, हे या गावाला एकदा हसतखेळत कळायला हवं. लाकडी पायाचा गास्पार मला म्हणाला, सप्टेंबरात पुन्हा पेटता पेटता राहिलं, आन्सेल्म. म्हटलं, राहिलं ना? म्युनिकला जर्मनीबरोबर सह्या झाल्या, विषय संपला. बायको, झेली, म्हणाली, तू न्हावी आहेस, ज्योतिषी नाहीस. झेलीला राजकारण कळत नाही.

२ नोव्हेंबर
मेयरच्या ऑफिसच्या भिंतीवर सप्टेंबरातली "सैन्यात हजर व्हा" ही नोटीस अजून तशीच. खरवडून निघेना. तिच्यावरच नाचाचं पोस्टर डकवलं. झकास दिसतं.
आमच्या पोराला, ऑक्टाव्हला, झेंडा धरायचं काम दिलं. एकोणीस वर्षांचा घोडा झाला, पण उभा राहतो वाकडा. (नाव माझ्या थोरल्या भावाचं. भाऊ सतरा साली युद्धात गेला. इथे घरोघरी असंच, गेलेल्याचं नाव पुढच्याला.) रोज जेवणाआधी प्रॅक्टिस: मी ओरडायचं, ऑक्टाव्ह लोबजुआ! त्याने टाचा जुळवून, हजर! आणि एक पाऊल पुढे. झेली म्हणाली, सूप थंड होतंय आणि मला हे आवडत नाही. सूप चांगलं गरम होतं.

५ नोव्हेंबर
गास्पारच्या नांगराला पुन्हा जुना तोफगोळा लागला. बांधावर ठेवलाय, सैन्याची गाडी येईल तेव्हा नेईल. त्याला म्हटलं, घरातली तोफगोळ्यांची रिकामी पितळी कवचं घासून आण, टेबलांवर फुलं ठेवायला लागतील. म्हणाला, आणतो, पण नवीन येतील ती कुठे ठेवायची तेही बघून ठेव. काय हा माणूस! कमिटीत घ्यायलाच नको होता.
संकल्प: उद्यापासून दुपारची ब्रँडी बंद.

८ नोव्हेंबर
ब्रँडी चालू. (पोटासाठी.)
पाऊस. पोस्टर भिजलं, आणि नाचणाऱ्या जोडप्याच्या अंगातून खालची नोटीस दिसायला लागली. दुसरं डकवलं.
झेलीचं नवीन खूळ: तिच्या भावाकडे अर्जेंटिनाला ऑक्टाव्हला पाठवून द्यायचं, सगळं निवळेपर्यंत. काय निवळेपर्यंत? अध्यक्षाचाच मुलगा पळाला म्हटल्यावर नाचाला कोण येणार?

१० नोव्हेंबर
दुकानातल्या रेडिओवर जर्मनीच्या बातम्या. ज्यू लोकांची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, रस्त्यात काचांचा खच. बटण फिरवून अ‍ॅकॉर्डियन लावलं. खुर्चीत शाळामास्तर होते. म्हणाले, मागे घे, ऐकू दे. म्हटलं, स्टेशन सापडत नाही.
उद्या स्मारकावरची नावं वाचायला कागद घेणार नाही. सगळी पाठ आहेत. निम्म्यांची पहिली दाढी मीच केली होती.

११ नोव्हेंबर, दुपारी
अकराला बिगूल. मौन. मग मी नावं घेऊ लागलो. रिवाज असा की मी नाव घ्यायचं आणि शाळेच्या मुलांनी म्हणायचं, फ्रान्ससाठी मेला. फर्स्ट क्लास चाललं होतं. माझा आवाज खणखणीत. भावाचं नाव आलं. ऑक्टाव्ह लोबजुआ!
आणि आमचं कार्टं टाचा जुळवून ओरडलं, हजर! एक पाऊल पुढे. पाठोपाठ मुलं एका सुरात: फ्रान्ससाठी मेला.
कोणी हसलं नाही. मी हसलो. म्हटलं, बघा, याला म्हणतात प्रॅक्टिस! बँडवाल्यांना खूण केली. वाजवेनात. झेली चौकातून निघून गेली. म्हातारी माणसं पोराकडे बघत होती. असं बघतात का जिवंत माणसाकडे?
पुढच्या वर्षी कागद घ्यावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जेवण उत्तम. ससा, लीकची टार्ट, सायडर. लोक मात्र मयताला आल्यासारखे. म्हणून मी खंदकातले किस्से काढले. जनरलसाहेबांच्या कोंबड्या कशा पळवल्या, कॅप्टनचा बूट चिखलाने कसा गिळला. मग हसले एकदाचे! तरुण पोरं तर पोट धरून. ऑक्टाव्हचे डोळे नुसते चमकत होते. गास्पार म्हणाला, बाकीचंही सांग की. म्हटलं, आज नाच आहे.

१४ नोव्हेंबर
ऑक्टाव्ह दुकानात आला आणि म्हणाला, मी सैन्यात जातो. आत्ता स्वतःहून गेलं तर तोफखाना निवडता येतो. वीस पूर्ण नाहीत, म्हणून बापाची सही लागेल. म्हणाला, बाबा, तुम्हीच म्हणता ना, तसली मजा पुन्हा आली नाही.
दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी म्हणालो, शाब्बास!
घरी झेलीने दार लावून घेतलं. म्हणाली, नाही म्हण. तुझा भाऊ काटेरी तारेवर कसा लटकत होता ते सांग त्याला. झोपेत कोणाला हाका मारतोस ते सांग. म्हटलं, मी हाका मारत नाही. म्हणाली, शेजारी मी झोपते, तू नाही.
संकल्प: उद्या सांगायचं. स्पष्ट.

१५ नोव्हेंबर
सांगितलं नाही. गिऱ्हाईक होतं.

१६ नोव्हेंबर
गिऱ्हाईक नव्हतं. तरी राहिलं.

१८ नोव्हेंबर
सही केली. पूर्ण विचार करून. नाकारली असती तर त्याचा अर्थ, युद्ध होणार असं मी मानतो. मी तसं मानत नाही. म्हणजे सही करणं भागच होतं. माझी सही वाकडी आली. शाई भिकार.

२६ नोव्हेंबर
ऑक्टाव्ह गेला. भरतीचं ऑफिस शहरात, नाव तिथे गेल्यावर घालायचं. स्टेशनावर निम्मं गाव, बँडसकट. डब्यात चढल्यावर त्याने मला खिडकीशी बोलावलं. हळूच म्हणाला, बाबा, खरं सांगा, तुम्हाला भीती वाटायची? मला वाटतेय. हात गार पडला होता त्याचा. एक शब्द बोललो असतो तर उतरला असता. मागे सगळी मंडळी उभी.
म्हणालो, छे रे! भीती कसली!
तो हसला. गाडी सुटली.
झेली स्टेशनावर आली नव्हती. घरी येऊन तिला सांगितलं, पोरगं हसत गेलं. म्हणाली, तुझ्याकडे बघत असेल, म्हणून.
दुपारी दुकान उघडलं. गास्पार दाढीला आला. साबण लावला, वस्तरा उचलला, ठेवला, परत उचलला. गालाला टेकवता येईना. गास्पारने स्वतःच तोंड पुसलं आणि म्हणाला, राहू दे, उद्या येतो.
म्हटलं, आज थंडी फार आहे.